अवकाश स्थानकाच्या बाहेरचे संथ अँटेना अजूनही इतके का जपले जातात?

निशाचर निरीक्षक (प्रश्न)

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची छायाचित्रे मोठी करून पाहण्याचा मला नाद आहे. सौर पंख आणि रेडिएटर ओळखता येऊ लागल्यावर माझे लक्ष त्यांच्या अधेमधे असलेल्या लहान वस्तूंकडे वळले. मधल्या भागाच्या डोक्यावर दोन पांढऱ्या तबकड्या आहेत, लांबलचक आडव्या ट्रसवर (सांगाड्यावर) दांडीवर उभारलेल्या पेट्या आहेत आणि रशियन विभागाच्या अंगावर तर चहूकडे काटक्या उगवल्यासारखे काहीतरी दिसते. यांतल्या पुष्कळशा वस्तू संदेशवहनाच्या आहेत, एवढे मला वाचून कळले. परंतु पुढे जे वाचले त्याने गोंधळ वाढला.

एस-बँड या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालणारी जी यंत्रणा आहे, तिचा स्थानकाकडून खाली येणारा वेग मूळ रचनेत सेकंदाला १९२ किलोबिट आणि वर जाणारा वेग ७२ किलोबिट आहे. त्या दोन पांढऱ्या तबकड्यांच्या केयू-बँड यंत्रणेचा वेग २०१९ मध्ये दुप्पट करून ६०० मेगाबिटपर्यंत नेण्यात आला. त्यानंतर तर लेझरने १.२ गिगाबिटचा वेग गाठून दाखवला. असे असताना डिसेंबर २०२१ मध्ये दोन अंतराळवीर साडेसहा तास बाहेर राहिले ते या सर्वांत संथ असलेल्या एस-बँडचा अँटेना बदलण्यासाठी. एवढा धोका पत्करून इतकी मंद यंत्रणा जिवंत ठेवण्याचे कारण काय? एकच उत्तम तबकडी सर्व कामे का करू शकत नाही? आणि बाहेरचा एखादा अँटेना निकामी झाला, तर आतल्या माणसांचा पृथ्वीशी असलेला संबंध खरोखर तुटतो का?

लघुलहरी

आपले तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात, ती गोष्ट म्हणजे झोताची रुंदी. वेगाचे आकडे त्या रुंदीतून निघतात. म्हणून केवळ वेगांची तुलना केली की संथ यंत्रणा निरुपयोगी वाटू लागते.

आधी भूमिती पाहू. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साधारण ७.६६ किलोमीटर वेगाने जाते. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे २,३०० किलोमीटरवर असते. त्यामुळे एखाद्या भूकेंद्राच्या अगदी डोक्यावरून स्थानक गेले, तरी ते या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत फार तर दहा मिनिटे दिसते, आणि बहुतेक फेऱ्यांत ते बाजूने जात असल्यामुळे तेवढाही वेळ मिळत नाही. वाटेतला बराचसा भाग समुद्र आहे. तेव्हा खाली सलग भूकेंद्रांची साखळी उभारून चोवीस तास संपर्क ठेवणे व्यवहार्य नाही. म्हणून स्थानकाचा अमेरिकी विभाग खाली बोलण्याऐवजी वर बोलतो. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या परिवलनाशी जुळलेल्या कक्षेत नासाचे टीडीआरएस नावाचे रिले उपग्रह आहेत. त्यांतला पहिला १९८३ मध्ये सोडण्यात आला होता. स्थानकाचा संदेश आधी त्यांच्याकडे चढतो आणि मग न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स किंवा प्रशांत महासागरातील ग्वाम येथील केंद्रावर उतरतो. त्या दोन तबकड्या स्थानकाच्या माथ्यावर का आहेत, हे यावरून उलगडते: बोलायचे पृथ्वीशी, पण पृथ्वीकडे पाठ फिरवून! या वळणाच्या प्रवासामुळे प्रश्न विचारल्यापासून उत्तर ऐकू येईपर्यंत निदान अर्धा सेकंद केवळ प्रकाशाच्या वेगापायी जातो. स्थानकावरील मुलाखतींत प्रत्येक प्रश्नानंतर जो अवघडलेला थांबा येतो, त्यातला काही भाग या अंतराचा असतो.

या व्यवस्थेची किंमत मोठी आहे. अंतर ४०० किलोमीटरऐवजी ३६,००० किलोमीटर झाले, म्हणजे नव्वदपट वाढले; आणि लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती आठ हजारपट विरळ झाली. ही तूट भरून काढण्याचा मुख्य उपाय म्हणजे ऊर्जा चहूकडे न उधळता एका दिशेला एकवटणे. केयू-बँडच्या तबकडीचा व्यास सुमारे १.८ मीटर आहे आणि तिच्यातून निघणाऱ्या लहरींची लांबी २ सेंटिमीटरच्या आसपास. या दोन आकड्यांवरून झोताची रुंदी एका अंशापेक्षाही कमी येते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम दीडपट. सेकंदाला शेकडो मेगाबिट मिळतात ते या एकाग्रतेमुळे.

आता अडचण पाहा. स्थानक पृथ्वीकडे सतत एकच बाजू ठेवून फिरते, त्यामुळे तारकांच्या संदर्भात ते दर मिनिटाला जवळजवळ चार अंश वळत असते. तबकडी सांध्यात अडकून जागच्या जागी थांबली, तर दहा सेकंदांच्या आत उपग्रह झोताबाहेर निघून जाईल. तिने नेम धरायचा, तर स्थानक या क्षणी कोठे आहे आणि कोणत्या बाजूला किती कललेले आहे हे तिला ठाऊक असावे लागते. त्यासाठी ट्रसच्या मधल्या एस-० या भागावर जीपीएसचे चार अँटेना बसवलेले आहेत. चारही ठिकाणी येणाऱ्या एकाच लहरीच्या चढउताराच्या टप्प्यात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून स्थानकाचा कल काढता येतो. या माहितीवरून तबकडी आधी गणिताने वळते आणि उपग्रहाचा संकेत सापडला की त्याच्या आधारे स्वतःचा नेम सुधारत राहते. जीपीएस, संगणक, तबकडीचे सांधे, ते फिरवणाऱ्या मोटरी आणि वीज या साखळीतली एखादी कडी सुटली की ६०० मेगाबिटचे शून्य होते.

एस-बँडची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याची लहर १३ ते १५ सेंटिमीटर लांब असते आणि अँटेना लहान असतात, त्यामुळे झोत ऐसपैस पसरतो. दांडीवरच्या त्या प्रत्येक जुळणीत एक फिरता, काहीसा एकवटलेल्या झोताचा अँटेना असतो आणि दुसरा जवळपास सर्व दिशांना पाहणारा असतो. या दुसऱ्याला नेम धरण्याची गरजच नसते. ऊर्जा विखुरते म्हणून वेग कमी मिळतो. पण स्थानकाचा कल बिघडला, ते भलत्या दिशेला वळू लागले, तरी क्षीण का होईना संबंध राहू शकतो. यंत्रणांना दिल्या जाणाऱ्या आज्ञा, तापमान, दाब आणि विजेच्या नोंदी व माणसांचा आवाज या गोष्टी एस-बँडकडे ठेवल्या आहेत, त्या यासाठी. चित्रफिती, प्रयोगांची माहिती आणि २०१० पासून अंतराळवीरांना मिळणारे इंटरनेट यांचा भार केयू-बँडवर आहे. आवाजाच्या काही वाहिन्या तिकडूनही जातात. परंतु केयू-बँड गेला तर गैरसोय होते आणि एस-बँड गेला तर काळजी लागते, असा भेद मी करीन.

एस-बँडच्या जुळण्या ट्रसच्या डाव्या व उजव्या अशा दोन अंगांना का आहेत, हेही सांगून ठेवतो. हा ट्रस टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटर लांब आहे आणि त्यावरचे सौर पंख सूर्यामागे वळत असतात. एका जागी बसवलेल्या अँटेनाला आकाशाचा काही ना काही भाग पंखांनी, रेडिएटरांनी किंवा जोडलेल्या यानांनी झाकलेला दिसणारच. दोन जुळण्या असल्या की एक बिघडली तरी दुसरी उरते, हा फायदा तर उघड आहे. केयू-बँडच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते: बाहेर माणूस काम करत असताना किंवा एखादे यान जवळ येत असताना इतका एकवटलेला झोत त्यांच्यावर पडू नये, म्हणून काही दिशांना प्रक्षेपण आपोआप बंद राहील अशी बंधने सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असतात.

बाहेर काम करणाऱ्यांचे आपसातले बोलणे या दोहोंपैकी कशावरूनही होत नाही. त्यासाठी यूएचएफ पट्ट्यातला वेगळा रेडिओ आहे आणि त्याचे अँटेना एकाहून अधिक ठिकाणी आहेत, जेणेकरून माणूस ट्रसच्या आडोशाला गेला तरी त्याचा आवाज कोणा एका अँटेनापर्यंत पोहोचावा.

मध्यरात्रीची फेरी

वरील विवेचन उत्तम आहे, पण ते स्थानकाच्या अर्ध्या भागाचे आहे. आपण ज्यांना काटक्या म्हणालात, त्यांच्यावाचून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

रशियन विभागाने खाली, थेट जमिनीशी बोलण्याची जुनी पद्धत सोडलेली नाही. त्याच्या व्हीएचएफ रेडिओला ना तबकडी लागते, ना रिले उपग्रह. स्थानक रशियन भूकेंद्रांच्या टप्प्यात आले की काही मिनिटे बोलणे होते आणि मग ते क्षितिजाआड जाते. ही पद्धत मागासलेली म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह होतो, पण दोन प्रसंग पाहावेत. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी उड्डाण संगणकांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करताना रिले यंत्रणेत बिघाड झाला आणि ह्यूस्टन येथील नासाच्या नियंत्रण केंद्राचा स्थानकाशी असलेला संपर्क सुमारे तीन तास तुटला. त्या काळात स्थानक रशियन केंद्रांवरून जात असताना जी काही मिनिटे मिळाली, तेवढ्यात नियंत्रकांनी चालकदलाशी बोलून पर्यायी संगणक जोडण्याच्या सूचना दिल्या. दुसरा प्रसंग २५ जुलै २०२३ चा. या वेळी स्थानकावर काहीच बिघडले नव्हते, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राच्या इमारतीतील वीज गेली होती. चालकदलाला ही बातमी वीस मिनिटांच्या आत मिळाली तीही रशियन यंत्रणेमार्फतच. दोन्ही वेळा बाहेरचे अँटेना धडधाकट होते. तेव्हा संबंध तुटण्याचे कारण नेहमी बाहेरच शोधावे असे नाही.

रशियन विभागाकडे रिले उपग्रहांसाठीही अँटेना आहे आणि त्याची एक गमतीदार हकीकत आहे. झ्वेझ्दा या भागावरच्या उच्च क्षमतेच्या अँटेनाची इलेक्ट्रॉनिक पेटी जुनी झाली होती. २ फेब्रुवारी २०१८ रोजी अलेक्सांद्र मिसुरकिन आणि अंतोन श्काप्लेरोव यांनी बाहेर जाऊन ती बदलली. काम इतके लांबले की ८ तास १३ मिनिटांची ती अवकाशचाल तोवरची सर्वांत दीर्घ रशियन अवकाशचाल ठरली. काढलेली पेटी त्यांनी हाताने स्थानकाच्या मागच्या दिशेला ढकलून दिली. अखेरीस अँटेना पुन्हा उघडला तेव्हा तो अपेक्षित दिशेच्या बरोबर उलट, १८० अंशांनी वळलेला निघाला; तरीही तपासणीत तो व्यवस्थित काम करत असल्याचे आढळले आणि मंडळी आत गेली.

झ्वेझ्दाच्या अंगावरच्या आणखी काही वस्तू बोलण्यासाठी नाहीत. येणाऱ्या सोयूझ आणि प्रोग्रेस यानांना अंतर, वेग आणि दिशा कळावी यासाठी असलेल्या कुर्स यंत्रणेचे ते अँटेना आहेत. त्यांच्या आधारे यान माणसाच्या हाताशिवाय स्थानकाला येऊन जोडले जाते. त्यांच्या शेजारीच हौशी रेडिओचे अँटेना आहेत. तसे आणखी अँटेना युरोपच्या कोलंबस या भागावरही आहेत. हौशी रेडिओचा खाली येणारा संकेत १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो आणि आकाश मोकळे असेल तर तो हातात मावणाऱ्या साध्या रेडिओवरही ऐकू येतो. इथे अंतर काहीशे किलोमीटरच असल्याने ती आठ हजारपट तूट नसते. स्थानक जवळ येताना संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेला असतो आणि दूर जाताना तेवढाच खाली, त्यामुळे स्थानक डोक्यावरून पुढे गेल्याचे कानालाही कळते. ज्याला या विषयाची खरी गोडी लावून घ्यायची असेल, त्याने छायाचित्रांपेक्षा हा संकेत ऐकण्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

निशाचर निरीक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झोताच्या रुंदीचा मुद्दा मी कधी विचारातच घेतला नव्हता. आता एक शंका उरते. अँटेना बाहेर असणे भाग आहे हे पटले. पण त्याला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आत, उबदार आणि हाताच्या अंतरावर ठेवून बाहेर केवळ तार का नेत नाहीत? पेटी आत असती तर ती बदलायला अवकाशचालीची गरज पडली नसती. शिवाय निर्वात जागेत ना गंज, ना पाऊस, ना धूळ. मग ही उपकरणे बिघडतात तरी कशाने?

पानापक्कड

तारेचे उत्तर थोडक्यात देता येते. वारंवारता जितकी जास्त, तितकी तारेत ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दुरून आलेला क्षीण संकेत आधी कित्येक मीटर तारेतून नेऊन मग वाढवायचा म्हटले, तर तो तारेतच मरतो आणि गोंगाटच मोठा होऊन हाती येतो. म्हणून संकेत वाढवणारे उपकरण अँटेनाच्या अगदी पायाशी ठेवावे लागते. एस-बँडच्या दांडीवर जी पेटी दिसते, तिला रेडिओ फ्रीक्वेन्सी ग्रुप म्हणतात आणि तिचे काम हेच आहे.

निर्वात जागा म्हणजे निवांत जागा, हा मात्र गैरसमज आहे. स्थानक दर ९२-९३ मिनिटांनी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाते. उघड्या पृष्ठभागाचे तापमान उन्हात सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि सावलीत उणे १५० अंशांच्या आसपास उतरते. वीस वर्षांत हा फेरा एक लाखाहून अधिक वेळा होतो. वेगवेगळे धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. जोड, डाख आणि सांध्यांतले वंगण यांच्यावर त्याचा ताण पडतो. पेट्यांवर अनेक पदरी उष्णतारोधक आवरणे आणि आत तापके असतात, पण त्याने ताण कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यातच ४०० किलोमीटरवरची जागा पूर्ण निर्वात नसते. सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटलेल्या ऑक्सिजनचे सुटे अणू तेथे असतात आणि ते समोरून सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने आदळत पृष्ठभागावरचे प्लास्टिक व रंग कुरतडत राहतात. आपण गंज नाही म्हणालात. मला तर हा गंजाचाच सख्खा भाऊ वाटतो.

आणि धूळही आहे. आपण उल्लेख केलेली अवकाशचाल २ डिसेंबर २०२१ ची. ट्रसच्या पी-१ या भागावरच्या एस-बँड अँटेनाची टीडीआरएसमार्फत संदेश पाठवण्याची क्षमता त्याआधी काही काळ नाहीशी झाली होती. थॉमस मार्शबर्न हे रोबो हाताच्या टोकावर उभे राहिले, केला बॅरन त्यांच्या सोबत होत्या आणि आतून तो हात मत्थियास माउरर चालवत होते. बदली अँटेना आधीपासून स्थानकाच्या बाहेरच जपून ठेवलेला होता. जुना अँटेना वीस वर्षांहून अधिक काळ बाहेर होता आणि त्यावर सूक्ष्म कणांच्या आघाताच्या निदान अकरा खुणा मार्शबर्न यांना दिसल्या, त्यांपैकी काही जुन्या वाटत होत्या. ही अवकाशचाल मुळात ३० नोव्हेंबरला व्हायची होती, ती कक्षेतल्या कचऱ्याच्या इशाऱ्यामुळेच पुढे ढकलावी लागली होती.

दुरुस्तीच्या कामातली खरी डोकेदुखी बहुतेकदा इलेक्ट्रॉनिक नसते, ती नट-बोल्टची असते. मे २०१० मध्ये अटलांटिस यानाने दुसरी केयू-बँड तबकडी नेली. तोवर एकाच तबकडीवर भागवावे लागत होते. गॅरेट रीझमन आणि स्टीव्ह बोवेन यांनी ती बसवली, पण बोल्ट आवळूनही तबकडी आणि दांडी यांच्यामध्ये बारीक फट राहिली. तशीच ती फिरू दिली असती तर नेमाचे काय झाले असते, हे वरचा एका अंशाचा हिशेब वाचलेल्याला सांगायला नको. पुढच्या अवकाशचालीत ती फट मिटवूनच तबकडीची बंधने काढण्यात आली.

याहून चिवट प्रकरण रेडिओ फ्रीक्वेन्सी ग्रुपच्या एका पेटीचे आहे. ती काढून पृथ्वीवर आणायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा वापरायची असा बेत होता. एप्रिल २०२३ मध्ये स्टीव्ह बोवेन आणि सुलतान अल नेयादी यांनी प्रयत्न केला, पण ती आपल्या बैठकीला घट्ट धरून बसली आणि निघेना. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जॅस्मिन मोगबेली आणि लोरल ओ'हारा गेल्या. त्यांना आवरण बाजूला सारून नीट पाहणी करण्याइतकाच वेळ उरला. शेवटी ३० जानेवारी २०२५ रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांनी ती सोडवली. याच दिवशी विल्यम्स यांचा बाहेर घालवलेला एकूण वेळ ६२ तास ६ मिनिटे झाला आणि तो स्त्री अंतराळवीरांमधला उच्चांक ठरला, म्हणून ही तारीख पुष्कळांच्या लक्षात आहे. त्या दिवशी काढले काय, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. एक पेटी, आणि पहिल्या प्रयत्नापासून ती हाती येईपर्यंत एकवीस महिने.

याला जोडूनच एक सांगतो. या वस्तू कायमच्या एका जागी असतात असेही नाही. एस-बँडची एक जुळणी ऑक्टोबर २००० मध्ये झेड-१ या भागाबरोबर गेली, त्याच वर्षी डिसेंबरात ती त्या वेळी सर्वांत उंच असलेल्या पी-६ च्या माथ्यावर हलवण्यात आली. पुढे पी-६ लाच ट्रसच्या डाव्या टोकाला न्यायचे ठरले, तेव्हा ऑगस्ट २००७ मध्ये जुळणी उतरवून पी-१ वर आणावी लागली. स्थानक वाढत गेले तसे अँटेनालाही बिऱ्हाड बदलावे लागले.

निशाचर निरीक्षक

मग लेझरने यातले किती बदलेल? सध्याचे रेडिओ अँटेना उतरवता येतील का?

लघुलहरी

उतरवता येणार नाहीत, असे मला वाटते, आणि कारण पुन्हा झोताच्या रुंदीचेच आहे.

केयू-बँडचा झोत टीडीआरएस उपग्रहांच्या उंचीपर्यंत पोहोचेतो सुमारे पाचशे किलोमीटर रुंद झालेला असतो. लेझरचा झोत त्याच्या शेकडो पटींनी अरुंद असतो. म्हणून तर लहानशा उपकरणातून मोठा वेग मिळतो. पण नेमाची जी कसरत वर वर्णिली, ती त्याच प्रमाणात कठीण होते. २०१४ मध्ये ओपल्स या उपकरणाने स्थानकावरून थेट कॅलिफोर्नियातील केंद्राकडे लेझरने एक छोटी चित्रफीत पाठवली. तिची प्रत साडेतीन सेकंदांत उतरत होती. नेहमीच्या मार्गाने त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. पण थेट जमिनीशी बोलायचे म्हणजे पुन्हा काही मिनिटांची फेरी आली, आणि वाटेत ढग आला की संपले. २०२३ च्या अखेरीस जपानच्या किबो या भागाच्या उघड्या ओट्यावर इल्युमा-टी हे यंत्र बसले. ते वरच्या एलसीआरडी या रिले यंत्रणेशी १.२ गिगाबिट वेगाने बोलले आणि २०२४ मध्ये एका विमानातून घेतलेले ४के चित्रीकरणही त्या मार्गाने स्थानकापर्यंत गेले. रिलेपासून जमिनीपर्यंतच्या टप्प्यात ढगांची अडचण राहतेच. म्हणून भूकेंद्रे कॅलिफोर्निया आणि हवाई अशा एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी आहेत, निदान एका ठिकाणी तरी आकाश निरभ्र मिळावे यासाठी.

केयू-बँडवरचा प्रयोगांच्या माहितीचा भार लेझर जरूर उचलेल. युरोपनेही जानेवारी २०२१ मध्ये कोलंबसवर कोल्का नावाचा स्वतःचा केए-बँड अँटेना बसवून, स्वतःच्या रिले उपग्रहांमार्फत सेकंदाला ५० मेगाबिट खाली आणण्याची सोय केली, तीही हाच भार विभागण्यासाठी. पण कल बिघडलेल्या स्थानकावर लेझर सर्वांत आधी गप्प होईल, आणि त्याला पुन्हा जागेवर आणण्याची आज्ञा अशा मार्गानेच पोहोचवावी लागेल, ज्याला नेम धरावा लागत नाही. तो मार्ग आज संथ एस-बँडचाच आहे.

निशाचर निरीक्षक

पुन्हा एकदा आभार. काल रात्री जुनी छायाचित्रे उघडली, तेव्हा एका चित्रात त्या दोन तबकड्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याचे प्रथमच लक्षात आले. त्यांतली कोणती कामात होती, हे नुसत्या चित्रावरून ओळखता येईल का?

लघुलहरी

नुसत्या चित्रावरून येणार नाही. मात्र चित्र घेतल्याची वेळ सेकंदापर्यंत ठाऊक असेल, तर त्या क्षणी स्थानक कोठे होते हे काढता येते. टीडीआरएस उपग्रह कोणत्या रेखांशांवर आहेत हे प्रसिद्ध असल्याने ते स्थानकावरून कोणत्या दिशांना दिसत होते, हेही मांडता येते. सावल्यांवरून ट्रसची दिशा पक्की करून घ्यावी आणि कोणती तबकडी त्यांपैकी एखाद्या उपग्रहाच्या दिशेला वळलेली दिसते ते पाहावे. वेळ आणि चित्र इथे दिल्यास मी गणित मांडून पाहीन.